दोन श्रावण आणि उजवीकडे जाणारा चेंडू

यंदा धोंड्याचा महिना ज्येष्ठात आला. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायच्या बेतात असताना आमच्या वाळूजच्या कंपनीतले जावई एकेक करून सासुरवाडीला जाऊन येताहेत. कोण जाऊन आलंय ते सांगावं लागत नाही. अंगावर नवा शर्ट असतो, त्याच्या घड्या अजून मोडलेल्या नसतात, आणि माणूस दुपारी मशीनशेजारी उभ्या उभ्या पेंगत असतो. दर तिसऱ्या वर्षी येणारा हा जास्तीचा महिना आमच्याकडे जावयाचा. पुरण भरून उकडलेले धोंडे, वर तुपाची धार, मग ओवाळणं, कपडे, जमलं तर चांदीचं काहीतरी. परवा खात्यात नवीनच आलेल्या इंजिनिअरनं मला विचारलं, “सर, तुमचं धोंडं जेवण कधी?” बाकीचे एकदम कामाला लागले. मी म्हटलं, “माझं झालं.” ते खोटं नव्हतं. माझं मागच्या खेपेलाच झालं, आणि तेही छावणीच्या मैदानावर, कडुनिंबाखालच्या सिमेंटच्या बाकावर बसून.

मागच्या खेपेला श्रावण दोन आले होते. आधी अधिक, मग निज. माझ्या मनात मात्र तो एकच लांबलेला महिना आहे. त्याला ओल्या कडुनिंबाचा वास आहे, छावणीतल्या बिगुलाचा आवाज आहे, टिटव्यांची टिवटिव आहे. आणि त्या सगळ्यातून उजवीकडे वळत जाणारा एक पांढरा चेंडू आहे.

त्या वर्षी फेब्रुवारीत वैशालीनं आणि मी परस्पर संमतीनं घटस्फोटाचा अर्ज केला होता. अशा वेळी सहा महिने थांबायचं असतं, विचार करायला. आम्ही विचार केला नाही, नुसते थांबलो. ती पुण्याला नोकरीवर गेली, मी गारखेड्याच्या फ्लॅटमध्ये राहिलो. कुणी विचारलं, झालं काय, तर सांगण्यासारखं काहीच नव्हतं. आमचं लग्न करपलं नाही, ताटातली पोळी गार होते तसं गार झालं. कोर्टाची दुसरी तारीख निज श्रावणात पडली. वकील म्हणाले, “आता फक्त यायचं, हो म्हणायचं आणि सही करायची.” मी कॅलेंडरवर खूणही केली नाही.

मला काही वाटत नव्हतं. हे मी दुःखाला दिलेलं सभ्य नाव नाही. खरंच काही वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर माणूस बोटानं गाल दाबून बघतो, तसं मी स्वतःला दाबून बघायचो. तिचं रिकामं कपाट उघडायचो, आतल्या कागदाचा वास घ्यायचो, बंद करायचो. बाल्कनीत वाळत घातलेले कपडे पावसात भिजायचे आणि मी आतून बघत बसायचो, की हे आता भिजताहेत. ऑफिसात मात्र सगळं वेळच्या वेळी. साहेब तर म्हणाले, यंदा तुझं काम फार नीट आहे.

आषाढात एके दिवशी मामांचा फोन आला. मामा म्हणजे वैशालीचे वडील, माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात. मूळचे सोयगावकडचे, कापसाच्या शेतातून थेट फौजेत गेलेले. सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि पडेगावला घर बांधून राहिले. फौजेत कुण्या साहेबाच्या नादानं गोल्फ शिकले आणि तो नाद पेन्शनीतही सुटला नाही. सोयगावचे भाऊबंद आजही त्यावरून त्यांची थट्टा करतात, की आमचा दादा रोज सकाळी गोट्या खेळायला जातो.

“पाव्हणं, सकाळचं काय करता?”

“काही नाही, मामा.”

“मंग या की छावणीच्या मैदानावर. उजाडल्यावर.”

मला वाटलं, आता बोलणी बसणार. पोरीचं वाटोळं केलं वगैरे. नगर नाक्यापर्यंत मी उत्तरं जुळवत गेलो, आणि ती सगळी उत्तरं मला दुसऱ्या कुणाची तरी वाटत होती. मामा बाकावर बसले होते. पांढरी कॅनव्हासची टोपी, इस्त्रीची पँट, पायात चपला, कारण बूट त्यांनी गाडीतच ठेवले होते. ओल्या गवतात बूट खराब होतात म्हणे. त्यांनी माझ्या हातात गोल्फची काठी दिली. त्याला क्लब म्हणतात हे मला ठाऊक होतं, पण मामा काठीच म्हणायचे, मग मीही तेच म्हणू लागलो. जमिनीत एक लहानशी लाकडी खुंटी रोवून त्यांनी वर चेंडू ठेवला. “मारा.”

मी गल्ली क्रिकेट खेळून वाढलेला माणूस. मारला. चेंडू थोडा सरळ गेला, मग हवेतच काहीतरी आठवल्यासारखा उजवीकडे वळला आणि बाभळीत शिरला.

त्या मैदानाच्या उजव्या अंगाला बाभळीची गर्दी आहे. तिथं गेलेला चेंडू काट्यांतून काढण्यापेक्षा सोडून दिलेला बरा. सगळ्यांना त्या बाभळींची धास्ती. त्यामुळे तिथं येणारा प्रत्येक नवखा, मग तो डॉक्टर असो की बिल्डर, एकच गोष्ट करतो: बाभळीकडे पाठ करून, डावीकडे तोंड वळवून उभा राहतो. मीही तेच केलं. चेंडू आणखी वळला. मी आणखी डावीकडे झालो. चेंडू जवळजवळ मागेच यायचा बाकी राहिला. मामा पुढचा चेंडू खुंटीवर ठेवत राहिले. डबीतले चेंडू संपत आले तेव्हा म्हणाले, “इथं समदे हीच चूक करत्यात. बाभळीला भिऊन डावीकडं तोंड करायचं. मंग काठी बाहेरनं आत येती, बॉलला आडवी घासती, आन् बॉल जास्तच फिरतो. तो बाभळीत गेला की माणूस आजून डावीकडं. लई लोकांचं आयुष्य गेलं असंच.”

“मग करायचं काय?”

“बाभळीकडं तोंड करायचं.”

यातून कुणाला जगण्याबिगण्याचा अर्थ काढायचा मोह होईल. मलाही नंतर झाला होता. पण काढू नये. ती बाभळ होती आणि तो चेंडू होता. मामांनी आयुष्यावर एक अक्षरही काढलं नाही, वैशालीवर तर नाहीच. ते फक्त माझ्या डाव्या हाताकडे बघत होते.

डाव्या हाताची मूठ काठीवर जरा उजवीकडे फिरवायची, इतकी की वरून बघताना बोटांची हाडं दिसली पाहिजेत. एवढाच फरक. पण तो एवढाच फरक करून पाहावा कुणीतरी. आपलाच हात आपल्याला परका वाटायला लागतो. मी सारखा जुन्या मुठीवर यायचो आणि मामा पुन्हा ती फिरवून द्यायचे. त्यांच्या तळहाताची कातडी खरखरीत होती, थोडी गार. पाच महिन्यांत मला कुणी हात लावला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. कळलं म्हणजे नोंद झाली. बाकी काही नाही.

मग उजव्या काखेत रुमाल. “पडला नाय पायजे.” कोपर अंगाजवळ राहावं म्हणून ही युक्ती. भला मोठा फौजी रुमाल काखेत धरून, बाभळीकडे तोंड करून मी उभा. बाजूनं चालायला आलेल्या बायका बघून हसायच्या. तरीही काठी बाहेरूनच यायची, तेव्हा मामांनी पायातली चप्पल काढून चेंडूच्या पलीकडे ठेवली. “काठी आतनं आली तर चप्पल वाचंल.” मी मारलं. चेंडू जागेवरच राहिला आणि चप्पल उडाली. ती थोडी सरळ गेली आणि उजवीकडे वळली. मामा इतके हसले की त्यांना बाकावर बसावं लागलं. डोळे पुसत म्हणाले, “चपलेला बी तेच शिकवलं व्हय तुम्ही!” मी हसलो नाही. पण इथं हसायला हवं होतं, हे समजलं. एक पाय अनवाणी ठेवून ते बाभळीपर्यंत गेले आणि चप्पल घेऊन आले.

दौलताबादचा किल्ला त्या दिवसांत सकाळी दिसायचा नाही. ढगात असायचा. मग ऊन जरा वर आलं की आधी त्याचं टोक, मग उतार, असा हळूहळू यायचा. मैदान वर्षभर गोणपाटाच्या रंगाचं असतं, तेवढ्या दीड-दोन महिन्यांत हिरवं होतं. कुणाच्या तरी शेळ्या यायच्या, पहारेकरी ओरडायचा, शेळ्या जायच्या. मी रोज जायला लागलो होतो. घरी येऊन आंघोळ करायचो, कंपनीत जायचो. बसमध्ये पुढच्या सीटचा दांडा धरला की डाव्या हाताची मूठ आपोआप उजवीकडे फिरायची. हाडं दिसतात का ते बघायचो.

आता विचार करतो तर वाटतं, माणसाला काही वाटत नसतं तेव्हा त्याला उपदेश देऊ नये, काम द्यावं. तेही किरकोळ. कुणाच्याही उपयोगाचं नसलेलं. मामा हे कुठं शिकले होते, ते मी कधी विचारलं नाही.

मग अधिक लागला. धोंड्याचा महिना. आणि त्या दिवसापासून मामा बिघडले. म्हणजे शिकवताना मध्येच टोपी काढून पुन्हा घालायचे. कारण मला कळत होतं. जावई आहे, तारखेपर्यंत तरी आहे. घरी बोलवावं तर पोरगी काय म्हणेल, शेजारी काय म्हणतील. न बोलवावं तर अधिक महिना कोरडा जातो आणि मामींच्या जिवाला लागतं. मी खुंटी रोवून चेंडू ठेवत राहिलो. बोललो असतो तर त्यांना आणखी अवघड झालं असतं.

एका सकाळी त्यांनी काठ्यांच्या पिशवीतून स्टीलचा डबा काढला. बाक रुमालानं पुसला.

“बसा पाव्हणं.”

“मामा, हे...”

“बसा म्हणलं ना. घरी नाय बोलवता येत. तुमच्या मामीनं डबा भरून दिला, आन् म्हणली, कुनाला नेताय ते मी इचारत नाय.”

धोंडे अजून कोमट होते. तुपाची वेगळी डबी होती. मामांनी स्वतः तूप वाढलं, मग खिशातून पुडी काढून माझ्या कपाळाला कुंकू लावलं. त्यांचा अंगठा जरा चुकला, भुवईपर्यंत ओढ गेली. जावयाला कपडे द्यायचे असतात म्हणून त्यांनी एक हातमोजा दिला. गोल्फचा, पांढरा, एकच, डाव्या हाताचा. “ह्यो बी कापडाचाच हाय,” म्हणाले. आणि मग त्या माणसानं, साठी उलटलेल्या सुभेदारानं, वाकून मला नमस्कार केला. जावयाला करतात तसा. मी उठायला गेलो तर खांदा दाबून बसवलं. समोर दोन डॉक्टर चेंडू शोधत बाभळीत हिंडत होते. मी धोंडा खाल्ला. पुरण गोड होतं, जायफळ जरा जास्त पडलं होतं, हे सगळं मला नीट कळलं. पण ते जिथं पोचायला हवं होतं तिथं पोचलं नाही.

डबा बंद करताना मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, “एक सांगून ठिवतो. तारखेनंतर मी यायचो नाय. पोरीला वाटाया नको, बाप त्याच्याकडंच जाऊन बसतो म्हणून. ती माझी एकच लेक हाय.”

“बरोबर आहे मामा,” मी म्हणालो.

बरोबरच होतं. मी गाडी सुरू केली आणि नगर नाक्यावर सिग्नलला थांबलो. दिवा हिरवा झाला तरी माझी गाडी तिथंच, मागचे हॉर्न वाजवायला लागले. मला काय झालंय, त्याचं नाव सापडायला पुढचा सिग्नल यावा लागला. भीती होती ती. वैशाली गेली तेव्हा वाटली नव्हती, अर्जावर सही करताना वाटली नव्हती. आणि आता एका म्हाताऱ्या माणसानं सकाळी यायचं बंद करायचं म्हटल्यावर वाटत होती. कायद्याच्या त्या एका होकारासोबत मामाही जाणार होते. बायकोपासून वेगळं व्हायचा अर्ज असतो. सासऱ्याला ठेवून घ्यायचा अर्ज कुठं करायचा, ते कुणी सांगत नाही. मला ते हवे होते. इतकं साधं वाक्य होतं, आणि रोज सकाळी ते तोंडाशी घेऊन मी जायचो आणि तसंच परत आणायचो.

अधिकाच्या शेवटी पावसानं दडी मारली. पाणी न मिळालेलं गवत कडेकडेनं पिवळं पडायला लागलं, जमीन कडक झाली. शेतीवाल्या लोकांचे चेहरे उतरले. मामा सोयगावला फोन करून कापसाची चौकशी करायचे आणि फोन ठेवून चपलेनं कडक जमीन उकरून बघायचे. अशाच एका कोरड्या सकाळी ते घडलं. मी बाभळीकडे तोंड करून उभा राहिलो, मूठ फिरवली, काठी आतून आली. चेंडू थेट बाभळीकडे निघाला. मी मनात म्हटलं, गेला. आणि मग तो वळला. डावीकडे. सावकाश, घाई नसल्यासारखा, बाभळीच्या शेंड्यांना वळसा घालून मैदानाच्या मधोमध उतरला आणि कडक जमिनीवर पळत गेला.

मी मामांकडे पाहिलं. ते चेंडूकडे बघत होते.

“चला,” म्हणाले. “आता उजवीकडचं शिका.”

“उजवीकडं तर आधीच जात होता.”

“तो जायचा. तुम्ही घालवत नव्हता. आता तोच बॉल, तिकडंच, पन ठरवून. सरळ तर कुनाचाच जात नाय, पाव्हणं. किती वळवायचा एवढंच आपल्या हातात.” मग त्यांना काहीतरी आठवलं. बहुधा तारीखच. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. उजवीकडचं शिकायला दिवस उरले नव्हते आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्या दिवशी त्यांनी डबीतला शेवटचा चेंडूही मलाच मारू दिला.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात वैशाली माझ्या आधी येऊन बसली होती. पुण्याहून पहाटेच्या बसनं आली होती. केस कापले होते.

“केस कापलेस.”

“मार्चमध्ये,” ती म्हणाली. मग थोडं सरकून तिनं मला बाकावर जागा केली. “बाबा सांगत होते, तुझा बॉल वळायला लागला.”

“डावीकडं. उजवीकडचं राहिलं.”

ती जरा हसली. मग पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत म्हणाली, “आषाढात त्यांना फोन करायला मीच सांगितलं होतं. त्यांनी तुला सांगितलं नसणार.”

“नाही सांगितलं,” मी म्हणालो.

“गॅसच्या कनेक्शनसाठी मी तुला फोन केला होता, आठवतं? मी विचारलं, जेवलास का. तू म्हणालास, आठवत नाही. भरदुपारी. मला त्या दिवशी काही सुचेना. परत यायचं नव्हतंच मला. पण तू तिथं तसं बसून राहावंस, असंही नव्हतं. म्हणून बाबांना म्हटलं, त्याला कुठंतरी न्या.”

“ते म्हणालेत, आजच्यानंतर यायचे नाहीत. तुला वाईट वाटेल म्हणून.”

“काल विचारलं त्यांनी मला. मी म्हटलं, जा. माझं आणि त्याचं संपलं, म्हणून तुम्ही दोघांनी कशाला संपवायचं?”

तेवढ्यात शिपायानं आमची नावं पुकारली.

आत पंखा जोरात चालू होता. न्यायाधीश बाईंनी आधी वैशालीला विचारलं, संमती स्वखुशीनं आहे ना? ती हो म्हणाली. मग मला विचारलं. आणि तेव्हा, त्या खोलीत, सगळ्यांसमोर, मला वैशालीची आठवण आली. ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती आणि मला तिची आठवण आली. सहा महिन्यांची एकदम आली. हो म्हणायला तोंड उघडलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

बाईंनी चष्मा काढला. “कुणाचा दबाव आहे का तुमच्यावर?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“मग तोंडानं सांगावं लागेल.”

वकील माझ्या बाहीला हात लावून खुणावत होते. वैशाली पुढे झाली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, तो हो म्हणणार आहे. त्याला जरा वेळ लागतो.”

सगळे थांबले. वकील थांबले, टाइप करणारी मुलगी थांबली, वैशालीही माझ्याकडे बघत थांबली. मग मी हो म्हणालो.